भाऊजींचं फॅक्स कार्ड

माझ्या भाऊजींच्या घरी दिवसाढवळ्या दिवे जळत असतात. बाहेर लख्ख ऊन आणि आत स्वयंपाकघरातला, न्हाणीघरातला, जिन्यातला, झाडून सगळे दिवे चालू. माणूस एकटा, पण पंखे सगळ्या खोल्यांत फिरतायत. मी गेले की चपला काढायच्या आधी बटणं बंद करत सुटते आणि बरोबरीनं तोंडाचा पट्टाही सोडते. भाऊजी मुकाट ऐकून घेतात. मी निघाले की सगळं परत चालू होतं. खाली रस्त्यावर येऊन वर खिडक्यांकडे पाहिलं की मला ते दिसतं.

आणि याच माणसाला आमच्या ऑफिसात सगळे 'मेनस्विच' म्हणायचे.

पंपांचे सुटे भाग विकणारं ते ऑफिस. पुढे काउंटर, आत दोन खोल्या, मागे गोदामाकडे जाणारा बोळ. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते तिथे नेमके कोण होते हे त्यांच्या नेमणुकीच्या कागदावरसुद्धा धड लिहिलेलं नसेल. माल उतरवून घेणं, टपाल, बिघडलेली टेबलं-खुर्च्या, नळ गळला तर नळ, पंखा कुरकुरला तर पंखा. पडेल ते काम. मी तिथे टायपिस्ट. नोकरी त्यांनीच लावून दिली होती, त्यामुळे त्यांच्याशी भांडायचा हक्क मला घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे होता, आणि तो मी भरपूर वापरला.

ऑफिस उघडायचे तेच आणि बंद करायचेही तेच. संध्याकाळी सगळे गेले की ते एक फेरी मारायचे. खिडक्यांच्या कड्या ओढून बघायच्या, चहाचा गॅस हुंगून बघायचा, मग दारापाशी येऊन भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढायचा. खाट् असा आवाज व्हायचा, दिवे-पंखे सगळं एकदम गप्प, आणि मग कुलूप. कुलूप लावल्यावर ते एकदा खेचून बघायचे, चार पावलं जायचे आणि परत येऊन पुन्हा खेचायचे. मी जिन्यात उभी राहून म्हणायची, "भाऊजी, ते कुलूप दमलं आता."

या खुळाला कारण होतं. लग्नाआधीपासून ते एका रेडिओ दुरुस्तीच्या कारखान्यात होते. एका संध्याकाळी कोणाचातरी तारांना डाग देण्याचा, सोल्डरिंगचा कावीया टेबलावर तापत राहिला आणि सकाळपर्यंत कारखान्याची राख झाली. कावीया कोणाचा होता हे कधी ठरलं नाही, पण भाऊजींना आयुष्यभर वाटत राहिलं की आपलाच असेल. ताई तेव्हा नवी नवरी. हळद उतरायच्या आत नवरा घरी बसलेला तिनं पाहिला. तेव्हापासून ते कामावरून घरी आले, की पाण्याचा पेला पुढे करताना ती विचारायची, "अहो, सगळं बंद करून आलात ना?" ते म्हणायचे, "हो." इतकी वर्षं, रोज. मला हसू यायचं. नवरा-बायकोंची बोलणी सरतात, यांचं हे एक वाक्य सरत नव्हतं.

मग ताईला धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, मग कणीक मळताना, मग नुसतं बोलतानाही. रात्री आडवं पडता येईना. पाठीशी उशा रचून बसल्या बसल्या झोपायची. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक झडप आवळत चाललीये, ऑपरेशनशिवाय उपाय नाही आणि ते इथे होत नाही. मोठ्या शहरातल्या एका हॉस्पिटलात परदेशातले एक सर्जन वर्षातून एकदा, थोडे दिवस यायचे. त्यांच्याकडे आम्ही नाव घातलं. पण नाव होतं बरंच खाली. तिथला कारकून म्हणाला, "वरचं कोणी गळालं तर बोलावू. बोलावणं फॅक्सनं येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत होकार फॅक्सनंच आला पाहिजे. नाही आला तर पुढच्याला जागा."

"फोन नाही का करता येणार?" मी विचारलं होतं.

"बाई, फोनवरच्या निरोपांवरून इथे मारामाऱ्या झाल्यात. लेखी ते खरं," कारकून म्हणाला. "आणि आमचे फॅक्स रात्री सुटतात. लाईन मोकळी मिळते."

घरी फोनच नव्हता, फॅक्स कुठला. भाऊजींनी ऑफिसचा नंबर दिला. साहेबांना विचारून दिला. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर, माणूस वाईट नव्हता, फक्त कुठल्याही गोष्टीला "बघू" म्हणायचा. या वेळी मात्र लगेच हो म्हणाले.

आमचं फॅक्स मशीन बोळात असायचं. ते आलं तेव्हा भाऊजींनीच तिथे बसवलं होतं, आणि विचार करून बसवलं होतं. बोळातल्या दिव्याची आणि रखवालदाराच्या घंटीची वायर मेन स्विचच्या बाहेरून गेलेली. मेन ओढला तरी ती जिवंत राहायची, आणि फॅक्स तिच्यावरच जोडलेला. रात्री ऑफिस झोपायचं आणि फॅक्स जागा असायचा. पण मशीन म्हातारं झालं होतं. कागद ओढता ओढता मध्येच गिळायचं, अक्षरांवरून काळे पट्टे फिरवायचं. ताईचं नाव घातल्यापासून भाऊजी रोज संध्याकाळी कागदाची नवी गुंडाळी चढवायचे, जुनी अर्धी शिल्लक असली तरी. एका सकाळी आम्ही पाहिलं तर मशीनच्या तोंडात कागदाचा बोळा अडकलेला. उलगडला तर कुठल्याशा गिऱ्हाइकाची ऑर्डर, अर्धी वाचता येत होती, अर्धी काळी.

भाऊजी तो बोळा हातात धरून माझ्या टेबलाशी आले. चेहरा पांढराफटक.

"हा हॉस्पिटलचा असता तर?"

मी तो बोळा त्यांच्या हातातून काढून टोपलीत टाकला.

फॅक्सचं एक कार्ड ऑफिसच्या कपाटात खोक्यात पडून होतं. कॉम्प्युटरमध्ये ते बसवलं की फॅक्स सरळ कॉम्प्युटरच घेणार, कागद नको, गुंडाळी नको, हवा असेल तेवढा छापायचा. साहेबांनी ते हौसेनं मागवलं होतं, पण बसवणारा माणूस आज येतो, उद्या येतो करत होता. भाऊजी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "मी बसवतो." साहेबांनी "बघू" म्हणायला तोंड उघडलं, पण भाऊजींकडे पाहून मिटलं.

कॉम्प्युटर माझ्या टेबलावर, आतल्या खोलीत. त्यामुळे हा सगळा सोहळा मला जवळून बघायला मिळाला. भाऊजींनी आधी हात धुतले, कोरडे केले, बाह्या वर सारल्या. मागचे स्क्रू काढून माझ्या चहाच्या बशीत ठेवले. झाकण उतरवल्यावर आत इतकी धूळ की मलाच लाज वाटली. त्यांनी ती ब्रशनं झटकली. कार्ड चंदेरी पिशवीतून काढायच्या आधी त्यांनी कॉम्प्युटरच्या पत्र्याला बोट लावलं.

"पाया पडताय का?" मी म्हटलं.

"अंगातली वीज उतरवतोय. आपल्या अंगातल्या विजेनं हे मरतं."

"मग मी दूरच बसते. ताई म्हणते माझ्या अंगात नुसती वीजच आहे."

ते हसले. कार्डाच्या कडेचे सोनेरी दात त्यांनी माझ्या खोडरबरानं घासले, मागची पत्र्याची पट्टी काढली आणि कार्ड रिकाम्या खाचेत दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवलं. कुठेही जोर नाही, घाई नाही. मग कॉम्प्युटर चालू केला आणि माझा माउस मेला. हलवा, आपटा, बाण आपला जागच्या जागी.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "हात दाखवून अवलक्षण!"

ते पुस्तिका घेऊन बसले. इंग्रजी पुस्तिका, ते बोट ठेवून ठेवून वाचायचे. कार्ड आणि माउस दोघंही एकाच जागेवर हक्क सांगतायत एवढं त्यांना उमगलं. कार्डावर बारीक सुयांच्या रांगेत एक काळी टोपी असते, ती उचलून दुसऱ्या सुयांवर घातली की कार्ड आपली जागा बदलतं. ती टोपी तांदळाच्या दाण्याएवढी. भाऊजींच्या बोटांत येईना. शेवटी माझ्या पर्समधला भुवया कोरायचा चिमटा बाहेर निघाला. टोपी हलली, माउस जिवंत झाला. माझ्या चिमट्याला असं पुण्य लागायचं होतं, असं मला तेव्हा वाटलं.

मग त्यांनी बोळातल्या मशीनची टेलिफोनची वायर सोडवली, भिंतीच्या कडेनं, दाराच्या चौकटीवरून, ठरावीक अंतरावर खिळे मारत माझ्या टेबलापर्यंत आणली आणि कार्डाच्या पाठीत खोचली. एका कागदावर मोठ्या अक्षरांत 'पोचलं का?' असं लिहून तो माझ्या हातात दिला. रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानातून मी तो आमच्याच नंबरवर फॅक्स केला आणि धावत परत आले. भाऊजी कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर वाकून उभे होते. पडद्यावर त्यांचंच अक्षर एकेक ओळ करून वरून खाली उतरत होतं. एकही पट्टा नाही, एकही डाग नाही.

"पोचलं," ते म्हणाले, आणि माझा हात धरून त्यांनी दोनदा हलवला. ताई आजारी पडल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

अजून एक सोय त्यांनी केली. कॉम्प्युटर सुरू झाला की फॅक्सचा प्रोग्राम आपोआप सुरू व्हावा, कोणाला काही दाबायला लागू नये. "लाईट गेली आणि आली तरी याला उठवायला नको," ते म्हणाले. पुस्तिकेत लिहिलं होतं की फॅक्स हवे असतील तर कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवा. ते त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं, शिवाय कॉम्प्युटरच्या बटणावर चिकटपट्टीचा जाड तुकडा लावला.

"मेहुणीबाई, जाताना फक्त पडदा बंद करायचा. या बटणाला हात लावलास तर हात कलम."

"बरं बाबा," मी म्हटलं.

जुनं मशीन त्यांनी त्याच दिवशी सुतळीनं बांधून भंगारवाल्याच्या हवाली केलं. टेम्पो वळेपर्यंत दारात उभे होते. "ब्याद गेली," म्हणाले.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा भाऊजींनी ताईला सगळं सांगितलं. टोपी, चिमटा, खोडरबर, सगळं. तिला काय कळलं असेल ते असेल, पण उशांना टेकून ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "आता रात्री कधीही फॅक्स येऊ दे," ते म्हणाले, "अडकायचा प्रश्नच नाही." ताई म्हणाली, "तुम्ही बसवलंय ना, मग नाही अडकायचा." मग आठवण झाल्यासारखं करून तिनं विचारलं, "सगळं बंद करून आलात ना?"

"हो," ते म्हणाले.

आणि ते खरं होतं.

दिवस गेले. हॉस्पिटलचा काही फॅक्स आला नाही. भाऊजी सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात जायचे, कुलूप काढायचे, मेन वर करायचे, खिडक्या उघडायचे, पिण्याचं पाणी भरायचे आणि मग माझ्या टेबलाशी येऊन कॉम्प्युटरचा पडदा चालू करायचे. प्रोग्राम चालू असायचाच. 'आलेले फॅक्स' या रकान्यात रात्रीचं काही नाही. साहेब एकदा म्हणाले, "हल्ली बाहेरगावचे फॅक्स कमी झालेत का हो?" भाऊजी म्हणाले, "मोसमच मंद आहे." तो होताही मंद.

सर्जन यायची तारीख आली आणि गेली. मग मात्र भाऊजींनी ऑफिसातून हॉस्पिटलला फोन लावला. दुपार टळलेली, काउंटरवर कोणी नव्हतं. मी टाइप करायचं थांबवलं. त्यांनी ताईचं नाव सांगितलं, वय सांगितलं. मग बराच वेळ नुसतेच ऐकत राहिले.

"नाही हो," ते म्हणाले. "आमचा फॅक्स रात्रभर चालू असतो." पुन्हा ऐकलं. "कार्ड आहे आमच्याकडे. मी स्वतः बसवलंय." मग अगदी बारीक आवाजात, "एखादी तरी जागा..." आणि मग, "पुढच्या वर्षी. बरं."

फोन ठेवून ते माझ्याकडे आले. ताईचा नंबर लागला होता. वरचं एक नाव गळालं होतं. हॉस्पिटलनं रात्री पुन्हा पुन्हा फॅक्स लावला, नुसती रिंग जात राहिली. सकाळी दहापर्यंत होकार गेला नाही, जागा पुढच्या बाईला मिळाली. त्या बाईचं ऑपरेशन होऊनसुद्धा गेलं होतं.

"खोटं बोलतायत," मी म्हटलं. माझं डोकं फिरलं होतं. "वशिल्याचं कोणी घुसवलं असेल आणि आता तुमच्या माथी मारतायत. साहेबांना सांगा, तक्रार करू."

भाऊजी म्हणाले, "कार्ड रात्री झोपत असेल का?" त्यांनी पुस्तिका काढली, पानं उलटली, टेलिफोनच्या वायरीवरून चौकटीपर्यंत हात फिरवत गेले. एक खिळा सैल वाटला तर तो ठोकला. संध्याकाळी सगळे गेले तेव्हा म्हणाले, "तू इथेच थांब, टेबलाशी. मी रोजच्यासारखं सगळं बंद करतो, कुलूप लावतो आणि समोरच्या दुकानातून फॅक्स लावतो. रात्रीसारखंच. तू फक्त बघ, काय होतंय ते."

मी रोजच्यासारखा पडदा बंद करून बसून राहिले. ते बाहेर फिरत होते. कड्या ओढल्याचे आवाज येत होते. गॅसपाशी थांबले असतील. मग दाराशी गेले.

खाट्.

दिवे गेले, पंखा मंद होत होत थांबला. रोज या वेळी मी जिन्यात असायची. आज पहिल्यांदाच टेबलाशी होते, म्हणून मला कळलं की त्या पंख्याच्या आवाजाखाली आणखी एक बारीक घरघर रोज असते, आणि ती आता थांबलीये. मी कॉम्प्युटरवर हात ठेवला. गरम होता आणि गप्प होता. बटणावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

"भाऊजी," मी हाक मारली. "कॉम्प्युटर बंद झाला."

मी चाचपडत बाहेर आले. ते मेन स्विचपाशी उभे होते, दांड्यावर हात तसाच. टेलिफोनची वायर त्यांनी खिळे मारत मारत आत आणली होती. मेनबाहेरची ती विजेची वायर बोळातच राहिली होती, आणि कॉम्प्युटर मेनवर होता. बटण चिकटपट्टीखाली चालूच असल्यामुळे सकाळी मेन वर केला की कॉम्प्युटर आपोआप उठायचा, प्रोग्राम आपोआप सुरू व्हायचा, तीही त्यांचीच सोय. म्हणून कोणालाच कधी काही दिसलं नाही.

दैव देतं आणि कर्म नेतं. ही म्हण माझ्या अगदी ओठांवर आली होती. मी लहानपणापासून फटकळ, मनात आलं की बोलून मोकळी. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी जीभ आवरली. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्याच वेळी त्यांना जवळ घेऊन रडावंसं वाटत होतं. एवढं मन लावून केलेलं काम, आणि त्यावर रोज संध्याकाळी त्यांचाच हात पाणी फिरवायचा.

त्यांनी कुलूप लावलं. खेचून बघितलं नाही.

आम्ही चालत घरी गेलो. बेकरीच्या दिव्याखाली मी हळूच म्हटलं, "ताईला सांगू नका." ते म्हणाले, "सांगायला हवं." मग पुढे म्हणाले, "पुढच्या वर्षीची तारीख घेईन." आमच्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षाबद्दल काय सांगितलं होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आणि तसंच झालं, ताई पुढचं वर्ष लागायच्या आत गेली.

पण त्या संध्याकाळी ती दारातच खुर्ची टाकून बसली होती. आमची चाहूल लागली तशी उठायला गेली, भाऊजींनी तिला बसवलं. ते तिच्या समोर जमिनीवर टेकले. मी चौकटीला धरून उभी राहिले. त्यांनी दोनदा तोंड उघडलं.

"हॉस्पिटलला फोन लावला होता," ते म्हणाले. "जागा भरल्या."

ताईनं थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"असू दे," ती म्हणाली. एकेका शब्दाला तिला श्वास घ्यावा लागत होता. "दुसऱ्या कोणाची बायको वाचली असेल. तुम्ही काय कमी केलंत? फॅक्स चुकायला नको म्हणून ते कार्डसुद्धा बसवलंत. एवढं कोण करतं?"

भाऊजी मान खाली घालून बसले होते. ताईनं शेजारच्या तांब्यातलं पाणी स्वतःच पेल्यात ओतलं आणि पेला त्यांच्यापुढे धरला.

"अहो," ती म्हणाली, "सगळं बंद करून आलात ना?"